चाकूच्या गार्ड-बोल्स्टरसाठी चंदेरी धातू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पातं घासून झालेलं असतं, मुठीचं लाकूड ठरलेलं असतं आणि काम अडतं ते गार्डच्या तुकड्यापाशी. समोर चार चंदेरी पट्ट्या पडलेल्या. पॉलिश केल्यावर चौघी सख्ख्या बहिणी दिसतात. वर्षभराने बघाल तर एक पिवळसर झालेली असते, एक काळवंडलेली, एकीच्या कडेला गंजाची रेघ आणि एक जशीच्या तशी. निवड करायची ती या वर्षभरानंतरच्या रूपाकडे बघून. हाताने चाकू बनवणारे मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

गार्ड, बोल्स्टर, पॉमेल म्हणजे नक्की काय?

गार्ड ही पातं आणि मूठ यांच्यामधली आडवी पट्टी. बोट घसरून धारेवर जाऊ नये म्हणून ती असते. बोल्स्टर म्हणजे मुठीच्या पुढच्या टोकाला दोन्ही अंगांनी बसवलेले धातूचे गाल. पॉमेल हे मुठीचं मागचं टोक. पात्याचा जो भाग मुठीत जातो तो टँग, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवतात त्या पिना. पुढे या सगळ्यांना मिळून मी 'फिटिंग' म्हणेन.

फार खोलात न जाता सांगा, कोणता धातू घेऊ?

पातं स्टेनलेसचं असेल तर ४१६ स्टेनलेस. पातं कार्बन स्टीलचं असेल आणि हाताशी फक्त हॅक्सॉ, कानस आणि ड्रिल असेल तर निकेल सिल्व्हर. दहातल्या आठ चाकूंचं काम यात भागतं. उरलेल्या दोघांसाठी पुढचं वाचा.

निकेल सिल्व्हरमध्ये चांदी किती असते?

अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू. फिटिंगसाठी जो प्रकार जास्त वापरतात त्यात साधारण ६५ टक्के तांबं, १८ टक्के निकेल आणि १७ टक्के जस्त असतं. असाच मिश्रधातू चीनमध्ये पूर्वीपासून बनत होता. तिथून तो 'पाकतोंग' या नावाने अठराव्या शतकात युरोपात जायचा. १८२३ च्या सुमारास जर्मनीत त्याची नक्कल साधली आणि 'जर्मन सिल्व्हर' हे नाव रुळलं.

मराठीत या नावाने एक घोळ होतो. आपल्याकडे 'जर्मनचं पातेलं' म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. त्यामुळे कुणी नुसतं 'जर्मन' म्हणून पट्टी हातात दिली तर आधी वजन बघा. उचलताना हलकी लागली तर ते ॲल्युमिनियम. निकेल सिल्व्हर त्याच्या तिपटीहून जड असतं.

पट्टी घेताना निकेलचं प्रमाणही विचारा. निकेल कमी असेल तर पिवळी झाक वाढते. कटाई सोपी व्हावी म्हणून शिसं मिसळलेले प्रकारही असतात. स्वयंपाकाच्या चाकूसाठी ते नकोतच.

निकेल सिल्व्हर हातकामाला कसं आहे?

फार गुणी. कानशीखाली गोड चालतं, हातोडीने पिनचं डोकं छान पसरतं, पॉलिशही पटकन चढतं. एक खोड मात्र आहे. ड्रिल आरपार जायच्या क्षणी ते ड्रिलला पकडून ठेवतं. एकदा आळस करून मी पट्टी नुसत्या हाताने धरली होती. ड्रिलने ती पंख्याच्या पात्यासारखी फिरवली आणि दोन बोटांची सालटी निघाली. तेव्हापासून पट्टी व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पखाली असल्याशिवाय मी ड्रिलच्या बटणाला हात लावत नाही. वेग कमी ठेवायचा आणि तेलाचा थेंब सोडत राहायचं.

गार्डला खाच पाडायची माझी पद्धत सविस्तर सांगतो, कारण नवख्यांचा निम्मा धातू इथेच वाया जातो. समजा टँग ४ मिलिमीटर जाड आणि २० मिलिमीटर रुंद आहे. पट्टीच्या मधोमध रेघ ओढा. तिच्यावर दर ४ मिलिमीटरला एक अशा पाच खुणा सेंटर पंचने करा आणि ३.५ मिलिमीटरच्या ड्रिलने पाच भोकं पाडा. पहिल्या भोकाच्या कडेपासून शेवटच्या भोकाच्या कडेपर्यंत १९.५ मिलिमीटर भरतात, म्हणजे सगळीकडे कानशीपुरता धातू शिल्लक राहतो. भोकांमधल्या अर्ध्या मिलिमीटरच्या भिंती बारीक कानशीने फोडा आणि खाच सरळ करत न्या.

आता टँगला मार्करने काळं करा, गार्ड त्यावर सरकवा आणि काढून बघा. खाचेत जिथे काळा डाग उमटला असेल तेवढीच जागा घासायची. पुन्हा काळं करायचं, पुन्हा सरकवायचं. वीस-पंचवीस वेळा तरी होतं हे. कंटाळा येऊन 'थोडं सगळीकडून घासू' असं वाटलं की त्या दिवशी काम थांबवा. आणखी एक गोष्ट: खाचेची मागची बाजू, म्हणजे मुठीकडची, जराशी सैल केली तरी चालते, ती झाकली जाते. डोळ्यांना दिसते ती पुढची कड. ती घट्ट हवी. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर टँगवर नळीचा तुकडा ठेवून हातोडीने ठोकत बसवायचे. या ठिकाणी निकेल सिल्व्हर थोडं दबतं आणि पात्याला चिकटून बसतं. स्टेनलेस असं समजून घेत नाही, म्हणून पहिल्या गार्डला मी निकेल सिल्व्हरच सुचवतो.

वाकवायचं किंवा ठोकून आकार द्यायचा असेल तर मधूनमधून तापवून नरम करावं लागतं. ६०० ते ७०० अंश सेल्सियस, म्हणजे अंधाऱ्या कोपऱ्यात जेमतेम लाल दिसेल एवढं. त्याहून जास्त तापवू नका.

स्टेनलेसमध्ये इतके नंबर आहेत. कोणता नंबर घ्यावा?

फिटिंगच्या कामात पाच नंबर कानावर येतात: ४१६, ४१०, ३०३, ३०४, ३१६.

४१६ मध्ये १२ ते १४ टक्के क्रोमियम आणि मुद्दाम घातलेलं थोडं गंधक असतं. गंधकामुळे कीस तुटून तुटून पडतो आणि ड्रिल अडकत नाही. लोहचुंबकाला चिकटतं. ४१० हा त्याचाच गंधक नसलेला भाऊ, कापायला जरा चिवट.

३०३ आणि ३०४ दोन्हींत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ ते १० टक्के निकेल असतं. ३०३ मध्ये गंधक आहे, ३०४ मध्ये नाही. ३०४ ला ड्रिल मारताना क्षणभर जरी दाब ढिला केला तरी ड्रिल नुसतं घासतं, घासलं की धातू तिथेच कडक होतो आणि मग ड्रिलची धार जाते पण भोक पुढे सरकत नाही. हाताने खाच पाडायची तर ३०४ म्हणजे शिक्षा आहे. बारीक पिनांसाठी मात्र ते उत्तम. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यात ते या सगळ्यांपेक्षा टिकतं. मासे साफ करायच्या किंवा होडीवरच्या चाकूला कष्ट सोसून ३१६ लावा. बाकी ठिकाणी ४१६ घ्या आणि पुढच्या कामाला लागा.

मग माझ्या ४१६ च्या गार्डवर गंजाचे ठिपके कसे आले?

दोन कारणं असू शकतात. ज्या गंधकाने कटाई सोपी केली, त्यानेच गंजाला दारही किलकिलं ठेवलेलं असतं. घाम किंवा मीठ बराच वेळ राहिलं तर ४१६ वर ठिपके येतात. दुसरं कारण जास्त वेळा आढळतं. आधी ज्या बेल्टवर किंवा एमरी पेपरवर कार्बन स्टीलचं पातं घासलं त्यावरच गार्ड घासला जातो. लोखंडाचे बारीक कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि ते गंजतात. नाव स्टेनलेसचं खराब होतं, करणारा मात्र दुसराच असतो. स्टेनलेससाठी पेपर वेगळा ठेवा. लोखंडी ब्रश आणि साधी लोखंडी लोकर तर त्याच्या आसपासही नको.

कार्बन स्टीलच्या पात्याला निकेल सिल्व्हरचा गार्ड लावला तर पातं लवकर गंजतं का?

ओल असेल तरच. दोन वेगळे धातू ओल्या जागी एकमेकांना टेकले की त्यांच्यात बारीक बॅटरीसारखा प्रवाह चालू होतो आणि त्यात जास्त क्रियाशील धातू झिजतो. या जोडीत तो पात्याचा स्टील असतो. कोरड्या फटीत असं काही होत नाही. म्हणून गार्ड बसवताना फटीत इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) भरून पाण्याची वाटच बंद करायची. गार्ड आणि पातं यांच्यामध्ये केसाएवढी जरी फट दिसत असली तरी काम अपुरं समजा, कारण गंज बरोबर तिथूनच सुरू होतो आणि बाहेर दिसेपर्यंत आत बराच पसरलेला असतो.

खऱ्या चांदीचा गार्ड करावा का?

करता येतो. संपूर्ण गार्ड मी स्वतः करणार नाही. स्टर्लिंगमध्ये ९२.५ टक्के चांदी आणि ७.५ टक्के बहुधा तांबं असतं. शुद्ध चांदी त्याहून मऊ, नखाने नाही पण किल्लीच्या टोकाने सहज चरा उमटेल एवढी. गार्डला पडायला, आपटायला, टेबलावर घासायला लागतं. चांदीवर प्रत्येक धक्का नोंदवला जातो.

चांदीचं खरं रूप खुलतं ते कमी जागेत: मुठीच्या दोन लाकडांमधली पातळ पट्टी, लाकडात जडवलेली तार, पॉमेलवरची टोपी. तिथे तिला मार बसत नाही आणि तिचा तो शुभ्रपणा, जो दुसऱ्या कुठल्याही चंदेरी धातूला जमत नाही, शेजारच्या गडद लाकडावर उठून दिसतो. हवेतल्या गंधकाने ती काळवंडते, पण कोरलेल्या नक्षीत तो काळेपणा राहू दिला तर उलट नक्षी उठावदार होते.

तापवताना जपा. स्टर्लिंगमधलं तांबं हवेत जळून कातडीखाली करडे-जांभळे डाग पाडतं. पॉलिश केल्यावरच ते दिसतात आणि तेव्हा उशीर झालेला असतो. तापवण्याआधी टाकणखाराचा पातळ लेप द्या. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते. स्टर्लिंग त्याच्या बरंच आधी, ८०० अंशांच्या जरा वर घामेजू लागतं, आणि तिथून पुढे टोक गळून पडायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागत नाही.

टायटॅनियम?

वजन कमी हवं असेल तर याच्यासारखं दुसरं नाही. गंजत नाही, त्वचेला त्रास देत नाही, आणि विजेने किंवा आचेने त्याच्यावर निळे, जांभळे, सोनेरी रंग आणता येतात. पण चंदेरी म्हणून घेणार असाल तर आधी तुकडा हातात घेऊन बघा. त्याचा रंग चांदीचा नाही, पावसाळी आभाळाचा आहे. आरशासारखं पॉलिश त्याला चढता चढत नाही. साधा डाख त्याला धरत नाही, म्हणून पिन आणि इपॉक्सीवरच भिस्त ठेवावी लागते. शिवाय घासताना पांढऱ्या ठिणग्या उडतात आणि त्याची बारीक धूळ पेट घेऊ शकते. ग्राइंडरखाली लाकडाचा भुसा साठलेला असताना टायटॅनियम घासायला घेऊ नका. अंगावर काटा येतो असं करताना कुणाला पाहिलं की.

ॲल्युमिनियम स्वस्त आणि सोपं आहे, ते का नको?

सरावासाठी जरूर घ्या. खाच पाडायला शिकायचं तर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दोन-तीन गार्ड वाया घालवणं हा उत्तम अभ्यास आहे. पक्क्या चाकूवर मी ते लावत नाही. लवकर चरे पडतात, वापरात तळहाताला करडा डाग लागतो आणि स्टीलला टेकून ओलं राहिलं तर इथे पात्याऐवजी तेच आधी खाल्लं जातं, पांढरी पूड धरतं. कानशीच्या दातांत त्याचा कीस अडकतो. त्याआधी कानशीला खडू घासून घ्या.

प्यूटर ओतून बोल्स्टर करतात म्हणे. ते टिकतं का?

टिकतं, पण त्याच्याकडून कामाची अपेक्षा ठेवू नये. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं. जुन्या प्यूटरमध्ये शिसं असायचं, म्हणून जुनी मोडीत निघालेली भांडी वितळवू नका. नवा, शिसं नसलेला घ्या. तो २५० ते ३०० अंशांच्या दरम्यान ओतता येतो, म्हणजे घरच्या शेगडीवरही वितळतो. (स्वयंपाकाचं भांडं मात्र वापरायचं नाही.)

मुठीच्या लाकडाला पुढच्या टोकाशी खाचा पाडायच्या, आतल्या बाजूने जरा रुंद, म्हणजे धातू आत अडकून बसतो. भोवती जाड कागदाची गुंडाळी करून चिकटपट्टीने घट्ट बांधायची आणि वरून एका दमात ओतायचं. लाकूड खडखडीत वाळलेलं असायला हवं. थोडीशी ओल असली तरी तिची वाफ होते आणि ओतलेल्या धातूला जिलबीसारखी छिद्रं पडतात, क्वचित तो वर उसळतोही. डोळ्यांना गॉगल, पायात बूट. निवल्यावर कागद सोलून काढला की आतून खडबडीत करडा गोळा निघतो आणि पहिल्या चार घाशींतच त्यातून कोवळी चंदेरी रेषा वर येते. या हस्तकलेत इतकं लगेच सुख देणारं दुसरं काही मला माहीत नाही.

शुद्ध निकेल आणि मोनेल?

दोन्ही चिवट आणि दोन्ही सुंदर. मोनेल ४०० मध्ये किमान ६३ टक्के निकेल आणि बाकी बहुतेक तांबं असतं. समुद्राच्या पाण्याला ते दाद देत नाही. तुकडा आयता मिळाला तर सोडू नका. मुद्दाम शोधायला जाऊ नका.

जुन्या नळाचा किंवा फर्निचरचा चकचकीत तुकडा वापरू का?

नको. बहुतेक वेळा तो पितळेवर किंवा जस्ताच्या मिश्रणावर दिलेला क्रोमचा मुलामा असतो. फिटिंगला शेवटी घासावं लागतंच आणि तिथे मुलामा जातो.

घरात पडलेला चंदेरी तुकडा कोणत्या धातूचा आहे हे कसं ओळखू?

आधी कानस मारा. आत पिवळं दिसलं तर मुलामा. मग लोहचुंबक. घट्ट चिकटलं तर साधं लोखंड, ४१६, ४१० किंवा शुद्ध निकेल. चिकटलं नाही तर ३०३, ३०४, ३१६, निकेल सिल्व्हर, चांदी, टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियम. ३०४ ठोकलेलं किंवा वाकवलेलं असेल तर किंचित ओढ जाणवू शकते, त्याने गोंधळू नका.

मग घनता. तुकडा बारीक काट्यावर तोला, नंतर मापाच्या नळीत पाणी घेऊन त्यात बुडवा आणि पाणी किती वर चढलं ते बघा. समजा तुकडा ८७ ग्रॅमचा आहे आणि पाणी १० मिलिलिटर चढलं. भागाकार ८.७, म्हणजे निकेल सिल्व्हर. ७.८ च्या आसपास आलं तर स्टेनलेस, १०.४ आलं तर स्टर्लिंग, ४.५ टायटॅनियम, २.७ ॲल्युमिनियम. तुकडा फार लहान असेल तर ही चाचणी फसते. पाण्याची पातळी वाचण्यातली अर्ध्या मिलिलिटरची चूकही निकाल बदलून टाकते.

वजनाने चाकूचा तोल किती बदलतो?

५० मिलिमीटर लांब, १२ रुंद आणि ६ जाड असा गार्ड धरू. खाच सोडून हिशेब केला तर स्टेनलेसमध्ये तो २८ ग्रॅम, निकेल सिल्व्हरमध्ये ३१, स्टर्लिंगमध्ये ३७, टायटॅनियममध्ये १६ आणि ॲल्युमिनियममध्ये १० ग्रॅमच्या आत भरतो. गार्ड तोलाच्या बिंदूजवळच असतो, त्यामुळे तिथे हा फरक हाताला फारसा कळत नाही. पॉमेलला मात्र कळतो, कारण तो टोकाला आहे. पुढे जड झालेल्या पात्याला मागे निकेल सिल्व्हरचा पॉमेल लावला की चाकू हातात शहाण्यासारखा बसतो.

बोल्स्टरमधल्या पिना दिसूच नयेत असं कसं करायचं?

पिन आणि बोल्स्टर एकाच धातूचे हवेत. नुसते 'दोन्ही निकेल सिल्व्हर' एवढ्याने भागत नाही. निकेलच्या प्रमाणात थोडा फरक असला तरी पॉलिशनंतर नाही, तर दोन महिन्यांनी, धातू जरा काळवंडल्यावर, पिनचा गोल चंद्रासारखा उगवतो. शक्यतो पट्टी आणि पिनची सळई एकाच वेळी एकाच ठिकाणाहून घ्या आणि वापरण्याआधी दोन्हींचे तुकडे शेजारी शेजारी घासून आठवडाभर ठेवून बघा.

भोकाची बाहेरची कड निमुळत्या रीमरने किंचित रुंद करा. पिन दोन्ही बाजूंना साधारण दीड मिलिमीटर बाहेर ठेवा आणि गोल डोक्याच्या हातोडीने हलके हलके ठोका. खूप आणि हलके, हा सगळा मंत्र. जोरात एक घाव घातला की पिन वाकते, रुंदावत नाही. धातू त्या निमुळत्या कडेत पसरून भरला की वरचं डोकं घासून सपाट करा. नीट भरलं असेल तर रेषाही दिसत नाही. घासल्यावर काळी बारीक अर्धवर्तुळं दिसली तर कड पुरती भरलेली नाही. त्याला नंतर काही उपाय नाही, पिन ड्रिलने काढून नवी घालणं एवढाच.

गार्डला डाख द्यावा की इपॉक्सी पुरे?

गार्ड घट्ट बसला असेल तर इपॉक्सी पुरते. डाख दिला की फट कायमची बंद होते आणि काम देखणं दिसतं, हे खरं. पण धोका मोठा आहे. साध्या कार्बन स्टीलच्या पात्याला पाणी दिल्यावर आपण ते साधारण २०० अंशांवर टेंपर करतो, म्हणजे पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतो. कथील-चांदीचा मऊ डाख सुमारे २२१ अंशांना वितळतो. म्हणजे आच जरा रेंगाळली की गार्डजवळच्या भागात पात्याचं पाणी उतरलंच. पात्याभोवती ओलं फडकं गुंडाळायचं, ते सारखं भिजवत राहायचं, आणि आच पात्याला नाही तर गार्डला खालून द्यायची. ६०० अंशांच्या वर वितळणारा चांदीचा कडक डाख तयार पात्याजवळ आणूच नका. माझं एक पातं त्या नादात गेलं. गार्ड इतका सुरेख बसला होता की तो काढावा असंही वाटेना, आणि धार दोरखंड कापता कापता वाकली.

स्टेनलेसला डाख धरायचा तर आम्लाचा फ्लक्स (डाख धरावा म्हणून धातू साफ करणारं द्रव्य) लागतो. काम झाल्यावर तो गरम पाण्याने आणि खाण्याच्या सोड्याने कसोशीने धुवा. फटीत राहिला तर चार दिवसांत गार्डभोवती तपकिरी रेघ उमटते.

डमास्कसच्या पात्याला गार्ड बसवल्यावर फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं तर चालेल?

नाही. डमास्कस म्हणजे थरांची नक्षी असलेलं पोलाद, आणि फेरिक क्लोराइड हे ती नक्षी उठवणारं आम्लधर्मी द्रावण. मी हे करून बघितलेलं आहे. निकेल सिल्व्हरचा गार्ड बसवलेलं पातं 'दोनच मिनिटं' म्हणून बुडवलं. गार्ड खडबडीत, मातकट होऊन बाहेर आला. त्यातलं विरघळलेलं तांबं नक्षीवर गुलाबी थर होऊन बसलं होतं. पातं पुन्हा पहिल्यापासून घासावं लागलं. ४१६ सुद्धा त्यातून धड सुटत नाही, त्याची चमक जाते. टायटॅनियम मात्र त्या द्रावणात मजेत राहतं. आधी नक्षी उठवा, सोड्याने धुऊन आम्ल मारा, तेल लावा आणि मग गार्ड बसवा. नाइलाजच असेल तर गार्डवर नेलपॉलिशचे तीन हात द्या आणि फटीची कड त्यात नीट झाका.

चामड्याच्या म्यानात ठेवला आणि गार्डवर हिरवा चिकट थर आला. हे काय आहे?

कळंक. पितळेच्या भांड्यात आंबट काही ठेवलं की कळकतं ना, तेच. चामड्यातली आम्लं आणि तेलं निकेल सिल्व्हरमधल्या तांब्याला लागतात. म्यान फक्त चाकू अंगावर बाळगण्यापुरतं. घरी आलात की चाकू बाहेर काढून पुसून ठेवा. म्यानातच ठेवायचा हट्ट असेल तर फिटिंग स्टेनलेसचं घ्या.

कोणत्या मुठीला कोणता चंदेरी रंग शोभतो?

निकेल सिल्व्हरमध्ये उबदार, किंचित पिवळी झाक असते. शिसवी, अक्रोड, हरणाचं शिंग अशा तपकिरी मुठींजवळ ती सुंदर दिसते. आरशासारख्या स्टेनलेस पात्याला चिकटून मात्र ती जुनाट, पिवळट वाटते. ४१६ चा रंग थंड आणि निळसर. काळ्या मुठीला आणि स्टेनलेस पात्याला तो हवा. एकाच चाकूवर दोन चंदेरी धातू लावायचे असतील तर फरक ठळक दिसेल असे लावा. गार्ड ४१६ चा आणि पॉमेल निकेल सिल्व्हरचा केला की बघणाऱ्याला वाटतं, धातू संपला असावा.

आरशासारखं पॉलिश द्यावं की सॅटिन?

रोज वापरायच्या चाकूला सॅटिन. ४०० किंवा ६०० नंबरच्या पेपरने एकाच दिशेने ओढलेल्या रेषांत नवे चरे मिसळून जातात आणि पुढच्या वर्षी दहा मिनिटांत फिनिश परत आणता येतं. आरशावर पहिला चरा पडतो तो दिवस मालकाच्या लक्षात राहतो.

निकेलची ॲलर्जी असणाऱ्यासाठी?

टायटॅनियम सगळ्यात निर्धोक. ४१६ मध्ये निकेल जवळपास नसतंच, तेही चालतं. ३०४ आणि ३१६ मध्ये निकेल आहे, पण ते धातूत घट्ट बांधलेलं असतं आणि फार कमी सुटतं. ३०३ मध्ये गंधकामुळे ते जास्त सुटतं, म्हणून ते टाळा. निकेल सिल्व्हर आणि शुद्ध निकेल तर अजिबात नको. अंगाला सतत लागून राहणाऱ्या वस्तूंसाठी युरोपात मर्यादा आहे ती आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम निकेल, एवढी बारीक. चाकू काही दिवसभर हातात नसतो, तरी ज्याच्यासाठी बनवताय त्याला आधी विचारलेलं बरं.

मास्क लागतोच का?

लागतोच. निकेलची धूळ फुप्फुसांना घातक आहे. निकेल सिल्व्हर फार तापवलं तर त्यातल्या जस्ताचा धूर होतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे.

काळवंडलेलं फिटिंग पुन्हा उजळायला काय वापरू?

स्टेनलेसला साबणपाणी आणि कोरडं फडकं. चांदीला तिचं पॉलिश, तेही नक्षीच्या खोलगट भागात न जाता. निकेल सिल्व्हरला कुठलंही सौम्य धातूचं पॉलिश चालतं, फक्त त्यात अमोनिया नाही ना ते डबीवर वाचा. जस्त असलेले तांब्याचे मिश्रधातू ठोकून किंवा वाकवून ताणात असतील तर अमोनियाने त्यांना बारीक तडे जाऊ शकतात. पितळेला हा रोग जास्त, निकेल सिल्व्हरला कमी, पण पिनच्या ठोकलेल्या डोक्यापाशी ताण असतोच. पॉलिश झाल्यावर उरलेली पांढरी पूड लाकूड आणि धातूच्या सांध्यात बसते. ती जुन्या दातांच्या ब्रशने काढा आणि सांध्यावर मेणाचा एक हात फिरवा.